फुलपाखराआधीचा कोश

महोदय,

ईस्टर आला की शुभेच्छापत्रांवर फुलपाखरे दिसू लागतात. अळी म्हणजे पृथ्वीवरचे जीवन, कोश म्हणजे कबर आणि फुलपाखरू म्हणजे पुनरुत्थान, असा त्याचा ख्रिस्ती अर्थ. पण मधला कोश आपण फार घाईने ओलांडतो, याची मला खंत वाटते.

स्पेनमधील आविलाच्या संत तेरेजा यांनी १५७७ मध्ये आपल्या मठभगिनींसाठी लिहिताना रेशीमकिड्याचा दृष्टान्त दिला. (हे आपण पाहिलेले नाही, केवळ ऐकले आहे, असेही त्या प्रांजळपणे सांगतात.) तुतीच्या पानांवर वाढलेला किडा स्वतःच रेशीम कातून घर बांधतो आणि त्यातच मरतो. तेरेजांसाठी ते घर म्हणजे ख्रिस्त. बाहेर येते ते पांढरे फुलपाखरू, पण तेही अस्वस्थ असते. कुठे टेकावे हेच त्याला कळत नाही. नव्या जन्माबरोबर लगेच विसावा मिळतो, असे त्या म्हणत नाहीत.

कीटकशास्त्र सांगते की कोशात अळीचे बरेचसे शरीर विरघळते, मात्र पंखांचे सूक्ष्म अंकुर तिच्यात आधीपासूनच असतात. म्हणजे किडा खऱ्या अर्थाने मरत नाही. तरी दृष्टान्त खोटा ठरत नाही. मला तर तो अधिक खोल वाटतो.

गुड फ्रायडे आणि ईस्टरच्या मधला, ख्रिस्त कबरेत असल्याचा शनिवारही असाच असतो: वेदीवर आच्छादन नाही, दिवसभर मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना फुलपाखराआधी कोश दाखवावा आणि त्यापाशी थोडे थांबावे, ही विनंती.

– एक वाचक, वसई