लेकरू गेल्यावर फॅमिली डॉक्टरांनी घरी जावं

संपादक साहेब, नमस्कार.

मी सिडकोत एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, १८ वर्षं झाली. केसपेपर काढणं, नंबर लावणं, लसीच्या तारखांचे फोन करणं आणि बाहेर बाकड्यावरची भांडणं मिटवणं, सगळं मीच. डॉक्टरांना मारहाण झाली की पेपरात बातमी येते, त्यावर पत्रं पण येतात, पण पेशंट लहान लेकरू असेल आणि ते गेलं तर नेहमीच्या डॉक्टरने पुढे काय करायचं यावर कोणी लिहीत नाही म्हणून मीच लिहितेय.

आधी माझी चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी सात महिन्यांचं एक बाळ न्यूमोनियाने गेलं. आमच्याकडून मोठ्या हॉस्पिटलला पाठवलेलं, तिथून आम्हाला कोणी कळवलंच नाही. दोन महिन्यांनी रजिस्टरमधे तारीख आली आणि मी नेहमीसारखा फोन लावला, ताई बाळाचा नऊ महिन्यांचा गोवराचा डोस राहिलाय, घेऊन या. पलीकडून आवाजच येईना. मग आजीने फोन घेतला. सरांना सांगितलं तर म्हणाले आता दोन महिने झाले, जाऊन काय बोलणार, आणि गेले नाहीत. ती बाई त्रिमूर्ती चौकात दिसली की मान वळवायची. पुढे शेजारणीकडून कळलं की बाळ गेल्यावर तिचं दूध दाटलं, ताप भरला आणि हे असलं अशा वेळी कोणाला सांगायचं हेच तिला कळेना. अंगावर पिणारं बाळ गेलं तरी दूध लगेच थांबत नाही हो. थंड पट्ट्या ठेवायच्या, ठणका कमी होईल इतकंच काढायचं, पार रिकामं करायचं नाही, आणि लागलंच तर डॉक्टर गोळी पण देतात. एका फोनवर सांगण्यासारखं होतं.

दुसऱ्या वेळी डेंग्यू. पहिलीतला पोरगा, वडील अंबडला कंपनीत. ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त झाले आणि त्याच रात्री पोरगं गार पडायला लागलं, ॲडमिट केलं पण नाही राहिलं. यावेळी कळल्या कळल्या सरांना मीच सांगितलं. तिसऱ्या दिवशी साडेनऊला ओपीडी बंद करून सर निघाले, मला बरोबर घेतलं, बॅग मात्र घेतली नाही. सतरंजीवर बसले, पोराचं नाव घेतलं, म्हणाले इंजेक्शन नको रावळगाव चॉकलेट द्या म्हणायचा. आई तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने रडली. मग तिने विचारलं, संध्याकाळीच आणलं असतं तर? सर म्हणाले ते मला नाही सांगता येणार, पण डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो, रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं, आणि ताप उतरल्यावर कुठल्याही आईला हायसंच वाटतं, ताप गेला तरी दाखवायला आणा हे मी तुम्हाला परत एकदा बजावायला हवं होतं. मला तिथेच घाम फुटला, म्हटलं हे आता कुठे जाणार. वडील काही बोलले नाहीत, उठून पाणी घेऊन आले.

भीती असते हे मला मान्य आहे. २०१० च्या कायद्याचा बोर्ड आमच्याकडे पण आहे, मारहाण तोडफोड केली तर ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. असावाच. पण बोर्ड बाहेर आणि डॉक्टर आत दडलेले असले की लोकांचा संशय वाढतो असा माझा तरी अनुभव आहे.

आणि बऱ्याच घरांत लहान लेकराचं दहावं तेरावं होत नाही, तीन चार दिवसांत पाहुणे आपापल्या गावी, घरात दोघंच. जो येतो तो म्हणतो देवाची मर्जी, अजून वय आहे तुमचं. त्यापेक्षा काही न बोलता बसलेला माणूस बरा. त्या पोराच्या धाकट्या बहिणीला कोणीतरी सांगितलं होतं की दादाला देवबाप्पाने नेलं, तर ती देवघराकडे जाईना! सरांनी आईला सांगितलं, झोपला, गावाला गेला असं काही सांगू नका, पोरं मग झोपायला घाबरतात, सरळ सांगा की दादा आजारी होता आणि मेला, आणि तुझ्यामुळे नाही हे पण सांगा. आजीची विचारपूस केली. झोप न येणाऱ्या वडिलांना १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला, फुकट आहे, मराठीत बोलतात. सरांनी स्वतः मात्र लावला नाही, पुढे महिनाभर ताप आलेल्या प्रत्येक पोराला सीबीसी म्हणजे रक्ताची तपासणी लिहीत होते, शेवटी लॅबवाल्याने मला विचारलं सरांना झालंय काय.

मोठ्या हॉस्पिटलवाल्यांना एक विनंती छापा. लेकरू गेलं की त्याच दिवशी पाठवणाऱ्या डॉक्टरला फोन करा, दोन मिनिटं लागतात. आता लसीचे मेसेज कॉम्प्युटरवरून आपोआप जातात, त्यातून नाव काढायला आधी कळायला तर पाहिजे.

एक वाचक, सिडको, नाशिक
(नाव छापू नये)