इतिवृत्तातील दोन शब्दांबद्दल

आदरणीय सचिव महोदया,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी तुम्हाला घरच्या पत्त्यावरही पाठवू शकले असते. परंतु ज्या गोष्टीबद्दल आभार मानायचे आहेत ती तुम्ही सर्वांना दिसेल अशा वहीत लिहिली होती, म्हणून आभारही चारचौघांतच मानावेत असे वाटले. आईला जाऊन तीन महिने झाले. अजूनही लिहायला बसले की हात थांबतो, तेव्हा कुठे विस्कळीत वाटले तर सांभाळून घ्यावे.

घरात एकटे पडलेले वृद्ध आणि दीर्घकाळ आजारी असलेली माणसे यांच्याजवळ आठवड्यातून काही तास जाऊन बसायचे, त्यांना वाचून दाखवायचे, त्यांचे ऐकायचे आणि त्यांची सेवा करणाऱ्या घरच्यांना तेवढा वेळ मोकळा करून द्यायचा, हे आपल्या संस्थेचे काम. मी ते अकरा वर्षे करते आहे. दुसऱ्यांच्या कितीतरी आयांच्या उशाशी बसले. गेल्या वर्षी माझ्याच आईने अंथरूण धरले. कार्यकारिणीच्या पहिल्या सभेच्या वेळी मी तसा निरोप पाठवला; पुढच्या तिन्ही सभांना ना निरोप गेला, ना मी गेले.

त्या दिवसांत संस्थेकडून मला एकच पत्र आले आणि तेही छापील नमुन्यातले. सलग तीन सभांना पूर्वसूचनेशिवाय गैरहजर राहिल्यामुळे आपले सदस्यत्व रद्द का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा, असे त्यात म्हटले होते. आईच्या औषधांच्या वेळा लिहिलेल्या कागदाशेजारी ते पत्र कित्येक दिवस पडून होते. तेव्हाचे पदाधिकारी मला ओळखत नव्हते असे नाही. त्यांच्यापैकी दोघांच्या वडिलांजवळ मी स्वतः बसले आहे. पण एकानेही फोन करून ‘आई कशी आहे?’ एवढे विचारले नाही. जुनी उणीदुणी काढण्याची मला हौस नाही. मात्र हे गाळून तुमचे आभार मानले असते, तर तुम्ही नेमके काय केलेत ते कोणाला कळलेच नसते.

त्या पत्राचे पुढे काय झाले, पदाधिकारी कसे बदलले, तो तपशील मी सोडून देते. आई गेल्यानंतर सहा आठवड्यांनी मी सभेला आले. सहीसाठी इतिवृत्ताची वही माझ्यापर्यंत फिरत आली, तेव्हा मी सहज मागची पाने उलटली. तीन सभांच्या नोंदींत माझ्या नावापुढे निळ्या शाईत ‘पूर्वसूचनेशिवाय गैरहजर’ असे लिहून खाली पट्टीने रेघ मारलेली होती. त्यापुढच्या पानावर अक्षर बदलले होते. काळी शाई, किंचित उजवीकडे झुकलेले तुमचे अक्षर, आणि माझ्या नावापुढे दोनच शब्द: ‘आईजवळ आहेत.’ त्याच्या पुढच्या सभेच्या पानावरही तेच. दोन्ही वेळा पूर्णविराम दिलेला. मी सही करायची विसरून त्या पानावर हात ठेवून बसले होते, आणि शेजारच्या ताईंनी वही काढून न घेता विषयपत्रिका माझ्या बाजूला सरकवली, तेही माझ्या लक्षात आहे.

तुम्हाला ते कोणी सांगितले, हे मी विचारले नाही. कोणाला तरी विचारल्याशिवाय ते कळणे शक्य नव्हते, आणि तुम्ही विचारलेत, एवढे मला पुरे आहे.

मी नियमांच्या विरोधात नाही. सभेचे नियम शब्दबद्ध करणारे हेन्री मार्टिन रॉबर्ट हे अमेरिकन लष्करातील अभियंता होते. 1863 मध्ये न्यू बेडफर्ड येथे चर्चमधील एका सभेचे अध्यक्षपद त्यांच्यावर अचानक आले आणि सभा त्यांच्या हाताबाहेर गेली. त्या फजितीतून सुरू झालेला अभ्यास 1876 मध्ये नियमावलीच्या रूपाने प्रसिद्ध झाला. तिच्यातील एक नियम मला फार जवळचा वाटतो: एखाद्या ठरावावर ज्यांना बोलायचे आहे त्या सर्वांचे एकदा बोलून होईपर्यंत कोणालाही दुसऱ्यांदा बोलता येत नाही. जो मागच्या खुर्चीवर गप्प बसतो, त्याची आठवण ठेवूनच हा नियम केला असावा, असे मला नेहमी वाटते. इतिवृत्तात कोण काय म्हणाले ते न लिहिता काय झाले ते लिहावे, असेही तीच नियमावली सांगते. त्या संध्याकाळी झाले होते ते एवढेच, की एक सदस्य आपल्या आईजवळ होती. तुम्ही तेच लिहिलेत. तुमच्याइतके अचूक इतिवृत्त मी या अकरा वर्षांत वाचलेले नाही.

नव्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी आपण सिसिली सॉन्डर्स यांच्याविषयी सांगतो. आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि पुढे डॉक्टर झालेल्या या बाईंनी 1967 मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत सेवा करणारे केंद्र, सुरू केले. माणसाची वेदना शरीरापुरती नसते. मनाची, नात्यांची आणि जगण्याच्या अर्थाची वेदनाही तिच्यात मिसळलेली असते, ही त्यांची शिकवण. मी स्वतः ती कितीतरी जणांना शिकवली आहे. अंथरुणावरच्या माणसाला ती लागू करताना आपण कधी चुकलो नाही, पण अंथरुणाशेजारी बसून आलेल्या आपल्याच सहकाऱ्यालाही ती लागू पडते, हे आपल्याला सुचले नाही. ज्या आजोबांकडे आपण दोन-दोन वर्षे जात होतो ते गेले, की दुसऱ्या दिवशी नवा पत्ता हातात पडत असे. काम थांबता कामा नये, असे त्यामागचे कारण होते आणि ते कारण खोटेही नव्हते. तुम्ही आल्यापासून नवा पत्ता देण्याआधी ‘थोडे थांबायचे आहे का?’ असे विचारता. बहुतेक जण नाहीच म्हणतात. मीही नाही म्हणाले. पण विचारल्यावर नाही म्हणणे आणि कोणी न विचारताच कामाला लागणे यांत किती फरक आहे, ते मला त्या दिवशी कळले.

संस्थांना पैसा पुरत नाही, माणसे मिळत नाहीत, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते आणि ती खरीही असेल. मी मात्र जी माणसे सोडून जाताना पाहिली, त्यांच्यातले कोणी कामाला कंटाळून गेल्याचे मला आठवत नाही. ती हळूहळू यायची बंद झाली आणि ती येत नाहीत हे हजेरीच्या रकान्याखेरीज कोणाच्या ध्यानात आले नाही. साधी माणुसकी दाखवायला ठराव लागत नाही, निधी लागत नाही. तुम्हाला तर अर्धी ओळसुद्धा लागली नाही. तरीही ती किती दुर्मीळ आहे, हे ज्याच्या घरी ते छापील पत्र येते त्यालाच कळते.

आणखी एक. आपल्यातील एक ज्येष्ठ सहकारी गेल्या दोन सभांना आले नाहीत. मी परवा त्यांच्या घरी जाऊन आले, बराच वेळ बसले. येत्या सभेत त्यांच्या नावापुढचा रकाना तेवढा कोरा ठेवावा. तिथे काय लिहायचे ते मी आल्यावर सांगते.

आपली कृतज्ञ,
एक कार्यकर्ती