वही उघडण्याआधी मुलांना बोलू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांना चार ओळी धड लिहिता येत नाहीत अशी तक्रार करणारी पत्रं तुमच्या पेपरात अधूनमधून येतात, मी ती सगळी वाचते आणि त्यात सुचवलेले उपाय पण वाचते, शुद्धलेखन वाढवा, रोज एक पान लिहायला लावा, मोबाईल काढून घ्या वगैरे. मी प्राथमिकच्या मुलांना शिकवते. या पत्रांमध्ये एक गोष्ट कुणीच लिहीत नाही म्हणून शेवटी स्वतःच लिहायला बसले. ज्या मुलाला वर्गात बोलूच दिलेलं नाही ते वहीत लिहिणार काय?

माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी एकदा दप्तर खाली ठेवायच्या आतच सांगायला लागली की टीचर जिन्याखाली कुत्रीला पिल्लं झालीयत, चार आहेत, त्यातलं एक एवढंसं बारकं आहे, ते बाकीच्यांच्या अंगावर चढायला जातं नि घसरून पडतं, मी जवळ गेले तर त्यांची आई गुरगुरली, मग मी लांब जाऊन नुसती बसून राहिले तेव्हा ती गप्प झाली आणि मला बघू दिलं. पाच मिनिटं बोलत होती, हात करून करून. त्याच दिवशी तिला हेच वहीत लिहायला सांगितलं तर काय लिहिलं, "जिन्याखाली कुत्री आहे. तिला चार पिल्ले आहेत. ती छान आहेत. मला ती आवडतात." बारकं पिल्लू गेलं, गुरगुरणं गेलं, लांब जाऊन बसणं गेलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण चूक तिची नव्हती. मी तिचं बोलणं अर्ध्यात थांबवून "चला, आता वह्या काढा" म्हटलं होतं.

लिहिताना लहान मुलाच्या डोक्यात एकाच वेळी किती कामं चालतात बघा. पेन्सिल धरायची, ओळ सोडायची नाही, वेलांटी पहिली की दुसरी, जोडाक्षर कसं काढायचं, दोन शब्दांत जागा ठेवायची, आणि हे सगळं करता करता पुढचं वाक्य पण तयार करायचं. तिसऱ्या शब्दावर येईपर्यंत वाक्याचं शेपूट विसरलेलं असतं. मग मूल शहाणपणा करतं, जे शब्द नक्की लिहिता येतात तेवढेच वापरतं, म्हणून सगळ्या वह्यांमध्ये "छान आहे" आणि "मला आवडते" दिसतं. आपण म्हणतो मुलाची कल्पनाशक्तीच कमी. कल्पनाशक्ती भरपूर असते हो, हाताला तिचा वेग झेपत नाही!

वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं हे फार पूर्वी, 1934 च्या आसपास, मांडून ठेवलंय. त्याचं म्हणणं साधारण असं की लिहिण्यात आवाज नसतो आणि समोर ऐकणारा माणूसही नसतो, म्हणून बोलता येणाऱ्या मुलालासुद्धा लिहिणं वेगळंच आणि अवघड जातं. बोलताना समोरचा "मग?" म्हणतो, भुवया उंचावतो, त्यावर गोष्ट पुढे सरकते. कागद "मग?" म्हणत नाही. तेव्हा लिहायच्या आधी ते "मग" म्हणणारं कुणीतरी मुलाला मिळायला हवं. जेम्स ब्रिटन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञानं बोलण्याला समुद्राची उपमा दिली होती, लिहिणं वाचणं त्याच्यावर तरंगतं. आमच्या वर्गांत पाणीच नाही आणि आम्ही होड्या का चालत नाहीत म्हणून रागावतो.

आता करायचं काय, तर पाय कॉर्बेट या इंग्लंडमधल्या कवी-शिक्षकाची एक पद्धत आहे जी मी माझ्या परीनं वापरते. तीन पायऱ्या, आधी अनुकरण, मग बदल, मग स्वतःची निर्मिती. मी एक छोटी गोष्ट सांगते, समजा रस्ता चुकलेल्या पिल्लाची. रोज तीच गोष्ट, हातवारे करून, मुलं माझ्याबरोबर म्हणतात, "इतक्यात" आलं की सगळ्यांचा हात वर जातो, "पाहतो तर काय" आलं की डोळ्यांवर हात. मग तिचा नकाशा काढायचा, शब्द जवळजवळ नाहीतच, नुसती चित्रं आणि बाण. तो नकाशा बोटानं दाखवत प्रत्येक मूल शेजारच्याला गोष्ट सांगतं. चार-पाच दिवसांत ती तोंडपाठ होते. पण गंमत पुढे आहे, कारण मग त्याच नकाशात पिल्लाच्या जागी दुसरं कुणी येतं, हरवायची जागा बदलते, मदत करणारा बदलतो. एकानं पिल्लाऐवजी छत्री हरवली आणि सगळी गोष्ट छत्रीच्या तोंडून सांगितली! यानंतर फळ्यावर आम्ही मिळून लिहितो, मुलं सांगतात मी लिहिते, "पिल्लू गेलं" लिहू की "धावलं" की "दुडुदुडु पळालं", यावर वाद होतात, मोठमोठ्यानं वाद होतात, आणि मला तो वर्गातला सगळ्यात चांगला तास वाटतो. त्यानंतर वह्या. तोपर्यंत वाक्यं तोंडात तयार असतात, हाताला फक्त उतरवायचं काम उरतं.

यावर एक आक्षेप येतो की अशानं सगळ्यांच्या गोष्टी एका साच्यातल्या होतात. पहिल्याच पायरीवर थांबलं तर होतात, हे मला मान्य आहे, मी स्वतः सुरुवातीला तिथेच अडकले होते, पाठ झाली की झालं असं वाटायचं. तिसऱ्या पायरीला वेळ द्यावाच लागतो. पण पाठ केलेल्या निबंधांत तर पहिली पायरीच शेवटची असते, आणि तो निबंध मुलानं कुणाला आपणहून सांगितलेलाही नसतो.

अगदी लहान मुलांसाठी मला व्हिव्हियन पेली यांचं काम सगळ्यात जवळचं वाटतं. या अमेरिकेतल्या बालवाडीच्या शिक्षिका, 1929 ते 2019 हा त्यांचा काळ. मूल गोष्ट सांगायचं, त्या त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायच्या आणि मग सगळी मुलं मिळून ती गोष्ट करून दाखवायची. बस एवढंच. पण विचार करा, ज्या मुलाला अजून अक्षरं येत नाहीत त्याला कळतं की माझं बोलणं कागदावर जातं, तिथे टिकतं आणि परत मोठ्यानं बाहेर येतं. लिहायचं कशासाठी हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी वकिली सोडून मुलांमध्ये काम केलं तेव्हा त्यांच्या हातातलं मोठं साधन गोष्टच होती, आपल्याला हे नवीन नाही.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. मूल घरी जसं बोलतं तसंच आधी बोलू द्या. "असं नाही म्हणायचं" हे पहिल्याच वाक्याला ऐकलं की दुसरं वाक्य येत नाही, बरीच मुलं तिथेच कायमची मिटतात. पुस्तकातली भाषा पण कानातूनच येते, म्हणून तर मोठ्यांनी गोष्टी सांगायच्या आणि वाचून दाखवायच्या, "तरीसुद्धा", "अखेर" हे शब्द रोजच्या बोलण्यात फारसे नसतात, ते गोष्टीतून आत जातात आणि एक दिवस वहीत उतरतात. आणि जी मुलं सगळ्यांसमोर बोलत नाहीत त्यांना जोडीत बसवा, शेजारच्याशी बोलतात.

शुद्धलेखन नको असं मी म्हणत नाहीये, अक्षर आणि शुद्धलेखन रोज शिकवावंच लागतं, मी शिकवते. फक्त पहिल्या खर्ड्यावर लाल पेन चालवू नका. मुलानं लिहिलेलं त्यालाच मोठ्यानं वाचायला लावा, निम्म्या चुका त्याच्याच कानाला खटकतात, गाळलेला शब्द सापडतो, पूर्णविराम कुठे हवा ते कळतं.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या वर्गाचा आवाज ऐकून शेरा दिला होता की वर्ग नियंत्रणात नाही. त्या वेळी माझी मुलं जोडीजोडीनं गोष्ट सांगत होती. तो शेरा मला अजून बोचतो, कारण त्यानंतर काही महिने मी भीतीनं वर्ग गप्प ठेवला आणि त्या महिन्यांतल्या वह्या बघवत नाहीत. पालकही विचारतात की आज वहीत काहीच कसं नाही. लिहायच्या आधीची 20 मिनिटं बोलण्याला दिली तर वहीत कमी पानं भरतात हे खरं आहे, पण जी भरतात ती मुलाची स्वतःची असतात.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या मुलांच्या पुरवणीत गोष्टी मागवताना "स्वतः सुवाच्य अक्षरात लिहून पाठवा" अशी अट असते. त्यामुळे जी मुलं सुरेख सांगतात पण ज्यांचा हात अजून बसलेला नाही ती बाहेरच राहतात, आणि बऱ्याचदा मोठ्यांनी घासूनपुसून दिलेलं लिखाणच तुमच्याकडे पोचतं. महिन्यातून एक कोपरा "सांगितलेली गोष्ट" म्हणून ठेवता येईल का? मुलानं सांगायची, घरातल्या किंवा शाळेतल्या मोठ्यानं जशीच्या तशी उतरवायची, एकही शब्द बदलायचा नाही, खाली मुलाचं वय लिहायचं. त्या जिन्याखालच्या पिल्लांची गोष्ट मी नंतर तिच्याकडून परत ऐकून तिच्याच शब्दांत उतरवून ठेवलीय, दीड पान झालीय. तुम्ही हो म्हणालात तर तिला आणि तिच्या आईला विचारून पाठवते.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका