गंभीरा पुलाबद्दल माननीय मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

बडोदे, ऑगस्ट 2025

माननीय मुख्यमंत्री, गुजरात राज्य यांस,

सादर नमस्कार.

मार्ग-मकान खातं, म्हणजे रस्ते आणि इमारतींचं खातं, आपल्याकडेच आहे, म्हणून हे पत्र थेट आपल्याला. मी दांडिया बाजारात राहतो, पादऱ्याला माझं मोटारपंपांच्या सुट्या भागांचं छोटं दुकान आहे. परवा दुकानातल्या कामगारानं काम सोडलं. तो मही नदीपलीकडचा, आंकलाव तालुक्यातला. नदीवरचा गंभीरा पूल होता तोवर, मी शटर उघडायच्या आधी तो पायरीवर येऊन बसलेला असायचा. आता उमेट्याच्या पुलावरून वळसा. "शेठ, पगार पेट्रोलातच चाललाय," म्हणाला आणि हिशेब मागितला. थांब म्हणायला मला तोंड नव्हतं.

9 जुलैच्या सकाळी पूल पडला. वीसहून अधिक माणसं गेली. पाण्यात उभी राहून मुलासाठी टाहो फोडणारी ती बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपण मृतांच्या वारसांना चार लाख जाहीर केलेत, चार अभियंते निलंबित केलेत, नव्या पुलासाठी 212 कोटी मंजूर केलेत. सगळं वाचलं. पण साहेब, पूल 1985 चा होता आणि त्यावरून सौराष्ट्राकडचे अवजड ट्रक चालले होते, हे खात्याला 9 जुलैला कळलं का?

मी त्या पुलावरून स्कूटरनं जायचो. शेजारून ट्रक गेला की हँडल थरथरायचं. सांध्यांवर चाक असं आपटायचं की पुढ्यातल्या पिशवीतले बेअरिंग खडखडायचे. पलीकडे पोचलं की माणसं हात जोडायची. 2022 मध्ये जिल्हा पंचायतीच्या एका सदस्यानं पुलाबद्दल लेखी कळवलं होतं. त्यानंतर तीन वर्षं वाहतूक कुणाच्या सहीनं चालू राहिली? पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशन चिरडले गेले, असं चौकशीत सांगितलं. म्हणजे वरचा भार ज्या आधारावर टेकतो, तोच गेला. असा आधार एका रात्रीत जात नाही. कुणीतरी खाली वाकून बघायला हवं होतं.

माझं निम्मं गिऱ्हाईक बोरसद-आंकलावकडचं. शेतकऱ्याचा पंप बंद पडला की तो सील न्यायला इतका फेरा घालून कशाला येईल? उधारी पलीकडे अडकली, माल इकडे पडून. बायको म्हणते दुकान विकून टाका. पन्नाशीत मी दुसरं काय शिकू? एका कचेरीत चौकशीला गेलो, तर साहेब मोबाइलवरून मान वर न करता म्हणाले, "तुमचं तर कुणी गेलं नाही ना?" माणूस मेला तरच नुकसान मोजायचं, असा नियम आहे का आपल्या राज्यात?

आणि मेलेल्यांचं तरी काय मोजलंत? सुरतेत 2019 मध्ये शिकवणीच्या वर्गाला लागलेल्या आगीत 22 मुलं गेली. मोरबीत 2022 मध्ये झुलता पूल तुटून 135 माणसं. आमच्या हरणी तलावात जानेवारी 2024 मध्ये बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका. त्याच वर्षी मे महिन्यात राजकोटच्या गेम झोनच्या आगीत 27. दर वेळी चौकशी समिती, दर वेळी निलंबन, दर वेळी "कुणालाही सोडणार नाही". परवाना देणारा, तपासणी न करता शेरा मारणारा, त्या शेऱ्यावर डोळे मिटून सही करणारा, ही साखळी मात्र जिथल्या तिथे. आमचे आजोबा गायकवाडीत नोकरीला होते. सयाजीराव महाराजांनी बांधलेल्या आजवा तलावाचं पाणी हे शहर अजून पितं. तुमच्या खात्याचा पूल चाळीस वर्षं झाली आणि भर रहदारीत नदीत गेला. याची लाज कुणालाच वाटत नाही, याचा मला संताप येतो.

मला भरपाई नको. राज्यातल्या प्रत्येक पुलाच्या तोंडाशी फलक लावा: शेवटची तपासणी कधी झाली, किती टनांपर्यंतची वाहनं चालतील, सही कुणाची. नाव लिहा, नुसता हुद्दा नको. आणि नवा पूल होईपर्यंत आंकलावहून उमेटामार्गे पादऱ्याला सकाळ-संध्याकाळ कामगारांच्या वेळेवर एसटी सोडा, सवलतीच्या पासासह. त्याला मंजुरीसाठी 212 कोटी लागत नाहीत. या महिन्यात सोडलीत, तर माझा माणूस कामावर परत येईल.

आपला,
दांडिया बाजारातला एक दुकानदार