दिशा असूनही सदिश नाही

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर मुक्ताने विचारलं, "काका, विद्युतधारा अदिश कशी? तारेवर तर बाण काढून तिची दिशा दाखवतात!" इतक्या चांगल्या प्रश्नाला घाईत उत्तर द्यायचं जिवावर आलं, म्हणून हे पत्र. तिला देच, पण तूही वाच.

'परिमाण आणि दिशा असलेली राशी म्हणजे सदिश, नुसतं परिमाण असलेली म्हणजे अदिश' एवढंच मुलं पाठ करतात आणि व्याख्येतली खरी अट निसटते. सदिश राशींची बेरीज समांतरभुज चौकोनाच्या नियमाने झाली पाहिजे. एका वस्तूवर ३ न्यूटन आणि ४ न्यूटन अशी दोन बलं एकाच दिशेने लावली तर परिणामी बल ७ न्यूटन, विरुद्ध दिशांनी लावली तर १ आणि काटकोनात लावली तर ५. कोन बदलला की उत्तर बदलतं.

आता तारांचा सांधा घे. एका तारेतून ३ अँपिअर आत येतात, दुसरीतून ४. तिसरीतून ७च बाहेर पडणार. तारा काटकोनात जोडा नाहीतर कशाही वाकवा, ७चे ५ होत नाहीत. विद्युतधारा म्हणजे तारेच्या छेदातून दर सेकंदाला जाणारा विद्युतप्रभार, आणि सांध्यात प्रभार ना साठतो ना नाहीसा होतो. किर्चहॉफचा नियम तो हाच. बाण फक्त एवढंच सांगतो की प्रभार तारेत या टोकाकडे चाललाय की त्या. प्रत्येक बिंदूपाशी खरी दिशा असते ती धारा घनतेला, म्हणजे छेदाच्या दर एकक क्षेत्रफळामागच्या धारेला, आणि ती सदिशच आहे. बारावीत भेटेल तिला.

मला स्वतःला याहून मोहवतं ते परिवलन. मुक्ताला एक जाड पुस्तक टेबलावर आडवं ठेवायला सांग. उभ्या अक्षाभोवती ९० अंश फिरवायचं, मग डावी-उजवीकडे जाणाऱ्या अक्षाभोवती ९० अंश. पुस्तक पुन्हा मूळ जागी आणून हेच उलट क्रमाने करायचं. दोन्ही वेळा पुस्तक वेगळ्याच स्थितीत येतं! कोन आहे, अक्षाची दिशा आहे, पण बेरजेत क्रम बदललेला चालत नाही. म्हणून असं मोठं परिवलन सदिश नाही. परिवलन अतिसूक्ष्म असेल तर मात्र क्रमाने फरक पडत नाही, आणि म्हणून कोनीय वेग सदिश ठरतो. किती सुंदर आहे हे!

क्रमाची ही गोष्ट बीजगणितात आणण्याचं धाडस आयरिश गणितज्ञ हॅमिल्टनचं. १६ ऑक्टोबर १८४३ ला डब्लिनमध्ये कालव्याकाठी चालताना त्याला क्वाटर्निअनचं, म्हणजे चार घटकांच्या संख्यांचं, सूत्र सुचलं आणि त्याने ते तिथल्याच ब्रूम पुलाच्या दगडावर कोरलं. त्या गणितात गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. आज आपण शिकतो ती सदिशांची मांडणी पुढे गिब्ज आणि हेविसाइड या शास्त्रज्ञांनी त्यातूनच वेगळी काढली.

मुक्तासाठी आता माझा प्रश्न: बल सदिश आहे, मग दाब अदिश का? स्थिर पाण्यातल्या एका बिंदूवर सगळ्या बाजूंनी दाब किती असतो, इथून विचार सुरू कर म्हणावं. उत्तर तिनेच लिहून पाठवायचं, तू मदत करायची नाहीस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय