गोव्याची मुले परदेशात गाणार, तर घुमट हे आपले वाद्यही सोबत जाऊ द्या

माननीय संपादक,
स. न.

गोव्यातील शाळकरी मुलांचा गायनवृंद युरोपातील महोत्सवात गाणार असल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचून फार आनंद झाला. मुलांचे, त्यांच्या शिक्षकांचे आणि पदरमोड करून त्यांना पाठवणाऱ्या पालकांचे मनापासून अभिनंदन. बातमीत गाण्यांची यादीही होती. तीत सगळ्या रचना इंग्रजी आणि लॅटिन दिसल्या, म्हणून हे पत्र.

त्या रचना मुलांनी जरूर गाव्यात. चर्चच्या शाळांमधून सोळाव्या शतकापासून इथे स्वरलेखन शिकवले गेले, त्यामुळे ते संगीतही आता गोव्याचेच आहे. पण ज्या महोत्सवांना जगभरातून वृंद येतात, तिथले श्रोते पाहुण्यांकडून पाहुण्यांचे गाणे ऐकायला बसलेले असतात. वेल्समधील लँगोलेनचा महोत्सव १९४७ पासून भरतो आणि तिथे देशोदेशीचे वृंद आपापल्या पोशाखात आपली लोकगीते गातात. आपली मुले तशा मंचावर उभी राहतील तेव्हा त्यांच्या ओठी धालोचे (गोव्यातल्या बायकांच्या लोकनृत्याचे) किंवा फुगडीचे एक तरी गाणे नको का?

‘आपली गाणी एकसुरी, ती चार आवाजांत, म्हणजे एकाच वेळी चार वेगळ्या सुरावटींत, कशी बसवणार?’ असे कोणी म्हणेल. हंगेरीत संगीतकार झोल्तान कोडाय यांनी नेमके हेच काम केले. खेड्यापाड्यांतून लोकगीते गोळा केली, ती मुलांच्या वृंदासाठी अनेक आवाजांत बांधली आणि शाळेतले संगीतशिक्षणच त्यांवर उभे केले. लोकसंगीत जपण्याच्या या पद्धतीची युनेस्कोने २०१६ मध्ये दखल घेतली. आपल्याला तर इतक्या दूर जायचीही गरज नाही. मांडो हा आपला कोंकणी गीतप्रकार पिढ्यानपिढ्या दोन आवाजांत गायला जातो. आणि चवथीला घराघरांत आरती म्हणणारी मुले लय कोणत्याही वर्गात न जाता शिकलेली असतात. घुमट (मातीच्या भांड्याच्या तोंडावर कातडे ताणलेले तालवाद्य), शामेळ हा ढोल आणि कासाळे ही झांज यांच्या साथीने चढत जाणारी आरती ज्याने ऐकली आहे, त्याला तिची ताकद वेगळी सांगायला नको. अशी एक आरती दोन-तीन आवाजांत बांधून देणारे जाणकार गोव्यात नक्कीच आहेत. त्यांना कोणी विचारायला मात्र हवे.

घुमट न्यायचे झाले तर आयोजकांनी एक काळजी घ्यावी. जुन्या घुमटांवर घोरपडीचे कातडे असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे आणि तिच्या कातड्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. घरातले आजोबांचे घुमट प्रेमाने बॅगेत भरले, तर विमानतळावर ते जप्त होईल आणि मुलांसोबतच्या शिक्षकांना चौकशीला तोंड द्यावे लागेल. बकऱ्याच्या कातड्याचे घुमट आता सहज मिळते, तेच घ्यावे. मातीचे भांडे आहे, तेव्हा सामानात टाकू नये, हातात न्यावे आणि त्याबद्दल विमान कंपनीला आधी विचारून ठेवावे. राज्य सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला आहे. मग मुलांसोबत जाणारी दोन-चार चांगली घुमटे कला व संस्कृती खात्याने द्यावीत, ही मागणी मोठी म्हणता येणार नाही.

खात्याने आणखी एक गोष्ट करावी. चांगला गळा पाहून निवडलेले मूल विमानाच्या भाड्यापायी मागे राहू नये. पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि गरम कपडे हा सगळा खर्च सत्तरी-सांग्यातल्या बागायतीत रोजंदारी करणाऱ्या आईबापांना कसा झेपणार? निवड आवाजावर व्हावी आणि ज्यांना गरज आहे त्यांचा खर्च सरकारने उचलावा.

निघण्यापूर्वी या मुलांचा एक कार्यक्रम फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात ठेवावा, अशी आयोजकांना विनंती आहे. आसपासच्या गावांतल्या आरती मंडळांना आणि शाळांना आवर्जून बोलवावे. आरतीची लय कुठे घसरते आहे, ते ही मंडळी मुलांना तिथल्या तिथे सांगतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा