शनिवार बघून नाही, तिथी बघून निघा

प्रिय चिऊ,

तुझी ती कोकण ट्रिपची एक्सेल शीट बाबांनी काल लॅपटॉपवर उघडून दिली, मोबाईलवर मला नुसतेच हिरवे-पिवळे चौकोन दिसत होते. फोनवर सांगायला गेलं की तू "हो गं आई, कळलं गं" करतेस आणि ठेवून देतेस, म्हणून हे सगळं टाईप करतेय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बस.

जाताय ते चांगलंच आहे. मी शिक्षणसेवक म्हणून गुहागर तालुक्यात होते तेव्हा तुझा जन्मही नव्हता आणि आंतरजिल्हा बदली होऊन लातूरला आल्यावर आपलं तिकडं जाणंच राहून गेलं, त्यामुळे कोकण म्हणजे तुला रील्समध्ये दिसतं तेवढंच माहितीये. पण चार दिवसांत मांडवा ते वेंगुर्ला? अगं बाई. तिसऱ्या दिवशी सकाळी श्रीवर्धन, दुपारी गणपतीपुळे आणि सूर्यास्त मालवणला असं लिहिलंयस, ते कुठल्या हिशोबाने? मॅप उघडून नीट बघ, समुद्राला लागून सरळ असा रस्ताच नाहीये. रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग करायचा हे अंतुले मुख्यमंत्री असताना म्हणजे १९८०-८२ च्या सुमारास निघालेलं, तेव्हापासून तो तुकड्या-तुकड्याने होतोच आहे, कुठे मस्त डांबरी, कुठे एकच गाडी जाईल एवढा, आणि मध्येच समोर खाडी येऊन रस्ता संपतो. सह्याद्रीतून पश्चिमेला उतरलेली प्रत्येक नदी किनारा कापूनच समुद्राला मिळते ना, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, सगळ्या. कंगव्याच्या दातांसारख्या एकामागोमाग एक खाड्या. काहींवर पूल झालेत, मोठ्यांवर फेरीबोटीतून गाडी न्यावी लागते. म्हणून तिकडे किलोमीटर मोजायचे नाहीत, किती खाड्या ओलांडायच्या ते मोजायचं.

मी खाली सुचवतेय त्या रस्त्यावर बोटी लागतील त्या अशा. हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडला, तिथून सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी, म्हणजे रायगड जिल्हा संपून रत्नागिरी लागला. मग दाभोळहून वाशिष्ठी ओलांडून धोपावे, म्हणजे गुहागर तालुका. आणि तवसाळहून शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड. यातली दाभोळची बोट चुकली तर वळसा घालून दापोली, खेड, चिपळूण करत गुहागरला यायचं म्हणजे शंभरावर किलोमीटर जातात, आणि बोटीने पलीकडचा काठ समोर दिसत असतो. मी होते तेव्हा तिथे गाडी नेणारी बोट नव्हती, माणसांची लाँच होती, कोंबड्या, टोपल्या, आजारी माणसं सगळी तिच्यातूनच जायची. आता कार, ट्रक काय वाट्टेल ते जातं. बोटी रात्री बंद असतात आणि कधी कधी वेळा बदलतात, तर आदल्या दिवशी जिथे राहाल त्या घरमालकांनाच विचारायचं, उद्याच्या बोटीचं काय, ते बरोबर सांगतात. चढवताना कधी कधी रिव्हर्समध्ये चढवा म्हणतात, ओहोटी असली तर उतार चांगलाच खाली जातो आणि खालचा भाग शेवाळलेला असतो. तुमच्या तिघींत ज्या मुलीचा रिव्हर्सला हात बसलाय तिलाच चालवू दे. तुझा बसलेला नाही, हे मी आपल्या गेटच्या खांबाकडे बघून सांगतेय. हॅंडब्रेक लावायचा, गाडी गिअरमध्ये टाकायची आणि खाली उतरून कठड्याशी उभं राहायचं, आत बसून फोन बघत बसू नका.

आता मुद्द्याचं. तू लॉंग वीकेंड बघून तारखा टाकल्यास. तिकडे शनिवार-रविवारला काही अर्थ नाही, उलट गर्दीच. कालनिर्णय काढ आणि तिथी बघ. खरंच सांगतेय, हसू नकोस. शाळेत आमच्या मावशी होत्या, खिचडी शिजवायच्या, त्यांनी मला शिकवलेलं: तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजले की पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटेही तीनच्या आसपास भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा झाली की परत एकपासून मोजायचं. थोडं मागेपुढे होतं, घड्याळ लावून नाही येत समुद्र, पण प्लॅनिंगला पुरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप आतही जातं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती लहान.

याचा उपयोग असा की तुमच्या शीटमध्ये हरिहरेश्वरची प्रदक्षिणा दुपारी टाकलीये. ती वाट देवळामागून खाली समुद्राकडे उतरते, दोन कडे आणि मधून पायऱ्या, आणि खाली खडकावर लाटांनी कोरलेली जाळी जाळी आहे, बघण्यासारखीच आहे, पण भरतीत तिथे जायचं नाही म्हणजे नाही, माणसं ओढली गेलीयेत तिथून. आणि हेदवीची बामणघळ उलटी, ती भरतीतच बघायची. काळ्या खडकात उभी अरुंद भेग आहे, लाट आत शिरते, आधी काहीच होत नाही, मग आतून धाडकन आवाज येतो आणि पाणी सरळ वर उडतं. आम्ही पोरांना सहलीला न्यायचो तर पोरं पाण्याकडे न बघता एकमेकांच्या तोंडाकडे बघायची, कोण दचकतंय ते. ओहोटीला गेलात तर नुसती दगडातली फट दिसेल आणि तुम्ही म्हणाल आईने उगाच पाठवलं. खडक निसरडे असतात, लांबूनच बघायचं, सेल्फी वगैरे काही नाही.

तर मी हिशोब करून बघितला. द्वितीयेला पहाटे पुणं सोडा, ताम्हिणीने उतरून माणगाव, म्हसळा करत दिवेआगर, पहिला दिवस तेवढाच. (सोन्याचा गणपती तिथलाच, १९९७ ला सापडला, २०१२ ला चोरी झाली, २०२१ ला परत बसवला. दर्शन घ्या.) दुसऱ्या दिवशी तृतीया, म्हणजे भरती सव्वादोनच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी सव्वाआठला. सहा-साडेसहाला निघा, शेखाडी, आरावी करत श्रीवर्धनला जा. हा जो तुकडा आहे ना, तुला जे "सिनिक" पाहिजे ते हेच आहे, एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला रस्त्याच्या खालीच पाणी. सकाळी ऊन पाठीमागून येतं त्यामुळे समुद्र स्वच्छ दिसतो. सव्वाआठपर्यंत हरिहरेश्वर, प्रदक्षिणा करा, मग बागमांडल्याची बोट. पलीकडे गेल्यावर वेळास, केळशी, आणि केळशीहून आडे-पाडले करत आंजर्ल्याला या. तो रस्ता अरुंद आहे, समोरून एस्टी आली की तिलाच मान, आपण मागे घ्यायचं, ड्रायव्हरशी वाद घालायचा नाही. दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं असतात, आरसे मिटून घ्यायचे.

आंजर्ल्याला दोन रात्री राहा. हे माझं ठाम मत आहे. रोज बॅगा भरायच्या आणि रोज नवीन बाथरूमचा गिझर शिकायचा यात ट्रिप संपून जाते. मधल्या दिवशी कड्यावरच्या गणपतीला जा, तिथून खाली खाडी, माड आणि सुवर्णदुर्ग एकदम दिसतो, आणि संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव बघा. होड्या किनाऱ्यापासून लांब उभ्या राहतात, मासे छोट्या होडीतून आणि बैलगाडीतून आणतात, वाळूवरच ढीग आणि बोली. चपला खराब होतील अशा घाला. तुझी शाकाहारी मैत्रीण येणार नाही म्हणेल तर तिला किनाऱ्यावरून कनकदुर्गाकडे चालत जाऊ दे.

आणि हो, तू "मुरूड" लिहिलंयस, कंसात जंजिरा, आणि खोली बुक करायला काढलीस ती हर्णैजवळच्या मुरूडची! दोन मुरूड आहेत गं, एक रायगडात जंजिऱ्याजवळचं, एक दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं गाव, आणि मध्ये खाड्या. वेळासही दोन, एक श्रीवर्धनजवळ, एक मंडणगडातलं, कासवांचं. मॅपला नुसतं नाव टाकू नका, तालुका टाका. त्यावरून आठवलं, दाभोळ कंपनी म्हणतात ती विजेची कंपनी दाभोळात नाहीच, खाडीच्या पलीकडे अंजनवेलला, म्हणजे आमच्या गुहागर तालुक्यात. दाभोळला उतरून कुणाला कंपनी कुठाय विचारलंत तर पलीकडे बोट दाखवतील.

चौथ्या दिवशी दाभोळ. बोटीला वेळ असेल तर जेटीजवळच जुनी मशीद आहे, घुमटाची, ती बघा, बाकी लोक बोटीच्या रांगेत उभे राहून न बघताच जातात. मग गुहागर, मुक्काम तिथे. समुद्र शांत आहे आणि किनारा सुरूच्या बनातून लांबच लांब, पण गाडी वाळूत घालू नका. गुहागरलाच काय, कुठेच. वाळू वरून कडक दिसते, चाक फिरलं की बसतं, आणि मग भरती चढायला लागते तेव्हा ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. पाचव्या दिवशी षष्ठी, साडेचारला भरती, त्या हिशोबाने आधी वेळणेश्वर, मग हेदवी, बामणघळ बघितली की थेट तवसाळ. जयगडला उतरल्यावर गणपतीपुळे लांब नाही. रात्री गाडी चालवायची नाही असं मी नेहमी म्हणते, रस्त्यात गुरं बसलेली असतात, पण तेवढा शेवटचा अंधार चालेल. सहाव्या दिवशी मालगुंडला केशवसुतांचं घर, आरे-वारेचा रस्ता, रत्नागिरीत थिबा पॅलेस घाईघाईत, आणि आंबा घाटाने कोल्हापूरला चढून हायवेने पुणं. मालवण-वेंगुर्ला पुढच्या वेळी. तो वेगळाच प्रांत आहे, बोलणंसुद्धा वेगळं, त्याला शेपूट म्हणून जोडू नका.

महिना जानेवारीच ठेवा. सकाळी गारवा असतो, आंब्याला मोहोर आलेला असतो, गाडीची काच खाली केली की वास येतो. मार्चमध्ये गेलात तर वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना दिसतील कदाचित (चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून ते काम उभं केलं), पण उकाडा, आणि शिमग्याला सगळे चाकरमानी गावी, खोली मिळणार नाही आणि मिळाली तर मालक पालखीत.

जेवणाचं ऐका. तिकडे हॉटेलात जाऊन मेनू मागायची सवय सोडा. घरगुती खाणावळीत सकाळी फोन करून किती ताटं ते सांगायचं, शाकाहारी किती, मासे किती, तरच होतं, रात्री नऊला जाऊन उभं राहिलात तर त्या माऊलीने काय करायचं? सुरमई-पापलेट पुण्यातही मिळतं, तिथे तिसऱ्या (शिंपल्या), मांदेली, बांगडा खा. शाकाहारीवालीला कुळथाची पिठी आणि भात, नाश्त्याला घावन. पेट्रोल मोठ्या गावातच पूर्ण भरून घ्यायचं, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, मधल्या गावांच्या भरवशावर नको. रेंज जाते म्हणून मॅप डाऊनलोड करा आणि रोख ठेवा, घळीत बसलेल्या गावात ते स्कॅन करायचं यंत्र नुसतं गोल गोल फिरतं. काही बिनसलं, बोट बंद असली, तर घाबरायचं नाही, कुठल्याही खाडीच्या काठाने आत वर गेलं की मुंबई-गोवा हायवे लागतोच.

बाबा म्हणतायत टायर आणि स्टेपनी दाखवून घ्या, घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, गिअरमध्ये उतरा. ते वेगळा मेसेज टाकणारच आहेत, इंजिन ऑइलवर.

माझ्यासाठी कोकम सरबत आणू नकोस, नुसती साखर असते. आगळ, म्हणजे कोकमाचा बिनसाखरेचा रस आण, आणि ते बाटलीचं झाकण बघून, गाडीत सांडलं तर डाग जात नाही. म्हणजे आता तुझ्या चार दिवसांचे सहा झाले, तर दोन दिवस जास्तीची रजा मिळतेय का ते साहेबांना उद्याच विचार. नाही म्हणाले तर दिवेआगर काढून टाकू आणि आंजर्ल्यापासून सुरू करू, तिथी मी परत मोजते.

तुझी
आई